यंत्रमागाच्या गल्लीत ओपन-बॅक हेडफोन घ्यावा का?

"ताई, मी अशोक चौकाजवळ राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पप्पा कारखान्यात माग चालवतात आणि आमच्या गल्लीत पण दिवसभर माग चालू असतात, रात्री साडेआठ-नऊला बंद होतात. खोली माझी आणि आज्जीची मिळून. रात्री मित्रांबरोबर लॅपटॉपवर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम खेळतो आणि गाणी लई ऐकतो, भीमसेन जोशींच्या अभंगांपासून अजय-अतुलपर्यंत सगळं. चष्मा आहे. जुना गेमिंग हेडसेट उन्हाळ्यात कानावर ठेववत नाही, कुशनची सालं निघायलीत. ट्युशन घेऊन १५ हजार जमवलेत. सेनहायझर एचडी ५६०एस, बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो २५० ओहमवाला आणि हायफायमॅन एचई४००एसई या तिघांत अडकलोय. मित्र म्हणायलेत जास्त ओहम म्हणजे जास्त भारी. अ‍ॅम्प लागतोय का? की गपचूप ७.१ वाला गेमिंग हेडसेटच घेऊ? आणि यांना माइक नाही, त्याचं काय करायचं?"
— एक वाचक, सोलापूर

आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. तिघेही ओपन-बॅक, म्हणजे कपाला मागून जाळी असलेले, आणि तिघांतला तुझ्यासाठी एचडी ५६०एस. पण तो रात्रीचा हेडफोन म्हणून घ्यायचा, माग बंद झाल्यावरचा. दिवसा तुझ्या गल्लीत कुठलाच ओपन-बॅक चालणार नाही, दीड लाखाचा आणलास तरी नाही, त्यामुळे ट्युशनचे सगळे पैसे एकाच खोक्यात घालू नकोस, त्यातले दोनेक हजार बाजूला ठेव. कशाला ते पुढं सांगते.

तू मॉडेलचं विचारलंस, पण मला तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते गल्लीत माग आहेत हे. ओपन-बॅक घ्यायचा की नाही हे हेडफोनपेक्षा तुझी खोली ठरवणार. या प्रकारात कपाच्या मागं जाळी असते. आतला पडदा हलला की आवाज कानाकडं जातो तसाच मागंही जातो, बंद हेडफोनात तो मागचा आवाज प्लॅस्टिकवर आपटून परत कानात येतो आणि थोडा गढूळपणा आणतो, इथं तो जाळीतून निघून जातो. दारंखिडक्या लावलेल्या खोलीत पेटी वाजवणं आणि गच्चीवर वाजवणं यात जो फरक आहे ना, बराचसा तसाच. गाणं डोक्यात कोंडल्यासारखं वाटत नाही, वाद्यं थोडी लांब लांब बसल्यासारखी वाटतात, आणि हवा खेळती राहते म्हणून कान तापत नाहीत, जे सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये खरंच मोठं सुख आहे. पण जाळी दोन्ही बाजूंनी उघडी असते. तुझं गाणं बाहेर जाणार आणि गल्ली आत येणार, पूर्णच्या पूर्ण.

आता मागाचा आवाज म्हणजे नुसता गोंगाट नाही, तो सतत आपटणारा आवाज आहे, शेडच्या आत तर ९० डेसिबलच्या वर जातो. घरात येईपर्यंत कमी होत असेल, तरी ओपन-बॅक घालून बसलास की तबल्याचा बायां, तानपुरा, गेममधली पावलं, जे जे हळू आहे ते सगळं त्या खटखटीखाली झाकलं जाणार. मग माणूस काय करतो, व्हॉल्यूम वाढवतो. नेमकी तिथंच मला तुझी काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे की मोठ्या माणसानं ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालेल, आणि त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे माग दाबायला तू नुसता ९ डेसिबल आवाज वाढवलास तर ४० तासांचे ५ तास झाले, आठवड्याचे. तुझी गेमची एक सुट्टी तेवढ्यात संपते. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही रे, आणि ती जाताना दुखत पण नाही, म्हणून कळत नाही.

आणि विषय निघालाच आहे तर पप्पांसाठी फोमचे इअरप्लग घे. मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळतात, फार स्वस्त असतात, बोटानं चोळून बारीक करायचे, कान वर ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नुसते वरवर खुपसले तर उपयोग नाही, म्हणून एकदा तूच लावून दाखव. पप्पा म्हणतील सवय झालीय, तरी घे. हे तू विचारलं नव्हतंस, माहितीय, पण या पत्रातलं एवढंच ऐकलंस तरी मला बरं वाटेल.

बरं. तर खरेदीच्या आधी एक काम कर. दोन-तीन दिवस रात्री नऊनंतर तुझ्या नेहमीच्या खुर्चीवर बस, पंखा नेहमीसारखा चालू, आणि कानाला काहीच न लावता पाच मिनिटं नुसतं ऐक. काय काय येतंय? पंख्याचा घरघराट, शेजारचा टीव्ही, रस्त्यावरच्या गाड्या? तेवढा आवाज हेडफोन लावल्यावर पण असणार आहे हे धरून चाल. पंखा चालतोय, त्याची सवय होते. कूलर मात्र मोठा शत्रू आहे, लोखंडी बॉडीचा डेझर्ट कूलर खोलीत असेल तर तो एकटाच सगळं मऊ मऊ खाऊन टाकतो आणि आपल्याकडं तो मार्चपासून पावसापर्यंत बंद होत नाही. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला आहे की तुझ्या डोक्याशी आहे यावर बरंच अवलंबून आहे, जमत असेल तर टेबल त्याच्यापासून लांबच्या कोपऱ्यात हलव. या हलवाहलवीला एक पैसा लागत नाही आणि आवाजात जो फरक पडतो तो दहा हजारांच्या हेडफोनवरून वीस हजारांच्यावर गेल्यानं पडत नाही, हे मी मनापासून सांगतेय.

दुसरं म्हणजे आज्जी. ओपन-बॅकमधून बाहेर जाणारा आवाज मोबाइलचा स्पीकर अगदी हळू लावल्यासारखा येतो. दिवसा कुणाच्या लक्षात येत नाही, पण रात्री अकराला शांत खोलीत आज्जीच्या कॉटपर्यंत तो जाणारच, आणि त्यात तू मित्रांशी बोलणार ते वेगळंच. एखाद्या मित्राकडं कुठलाही ओपन-बॅक असेल तर एका रात्रीसाठी आण, डोक्यावर लावून नेहमीच्या आवाजात गाणं लाव आणि आईला आज्जीच्या कॉटवर पडून ऐकायला सांग. आईला शब्द कळायला लागले तर हा प्रकार तुमच्या खोलीसाठी नाही, मग सरळ बंद हेडफोन बघ, बायरडायनॅमिकचाच डीटी ७७० प्रो ८० ओहमवाला चांगला आहे, मखमली कुशन आहे त्यामुळं रेक्झीनवाल्यापेक्षा घाम कमी येतो. आज्जीला ऐकायला कमी येत असेल किंवा ती बाहेरच्या खोलीत झोपत असेल तर प्रश्नच मिटला.

ते बाजूला ठेवलेले दोन हजार आता. त्यात वायरचा इन-इअर घे, ज्याला सगळे आयईएम म्हणतात. मूनड्रॉपचा चू २ किंवा सेव्हनहर्ट्झचा झीरो २, असलं काहीतरी, दोन्ही त्याच भावाच्या आसपास फिरतात आणि या पैशात इतका स्वच्छ आवाज काही वर्षांपूर्वी मिळत नव्हता. सिलिकॉनची टीप नीट बसली तर बाहेरचा आवाज बराच अडतो, त्यामुळं माग चालू असताना कमी व्हॉल्यूममध्ये ऐकता येईल. टीपा तीन साइजच्या येतात, तिन्ही लावून बघ, एका कानाला मिडियम आणि दुसऱ्याला लार्ज असं पण होतं. ब्लूटूथवाले एएनसी, म्हणजे बाहेरचा आवाज उलट्या आवाजानं मारणारे, घेऊ का असं मनात येईल, तर एएनसी पंखा-कूलरसारख्या एकसारख्या आवाजावर छान चालतं, मागाच्या खटखटीवर तेवढं नाही, आणि ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोचतो जे व्हॅलोरंटमध्ये चालत नाही.

आता तुझे तिघे. तू अभंग ऐकतोस हे वाचून मला बरं वाटलं, कारण हेडफोन तपासायला अभंगाइतकी चांगली गोष्ट नाही, एकाच रेकॉर्डिंगमध्ये टाळ आहेत, पखवाज आहे, तानपुरा आहे आणि मधोमध भीमसेनजींचा आवाज. टाळावरून वरचा आवाज कळतो, पखवाजाच्या डाव्या अंगावरून खालचा, आणि गळा आणि तानपुरा जर खरा वाटला तर मधला भाग बरोबर आहे.

डीटी ९९० प्रो याच टाळात नापास होतो, माझ्या मते. त्याचा वरचा आवाज ८ हजार हर्ट्झच्या आसपास चांगलाच उचललेला आहे, खाली बेसकडं पण थोडा फुगवटा आहे आणि गळ्याचा भाग जरा मागं राहतो. पहिल्या दहा मिनिटांत तो लई भारी वाटतो, सगळं चमकतं, गेममध्ये रीलोडचा आणि पावलांचा बारीक आवाज टोचून वर येतो म्हणून गेमवाले त्याच्या प्रेमात असतात, आणि त्यांचं चुकत नाही, ऐकू येतं ते येतंच. पण तू दोन-तीन तास बसणार, आणि टाळ चालू असलेला अभंग यावर ऐकलास की अर्ध्या तासात कानाला शिणवटा येतो, गायकाचा प्रत्येक "स" आणि "श" सुईसारखा लागतो. जुन्या रेकॉर्डिंगवर तर जास्तच. इक्वलायझरनं, म्हणजे आवाजाचा वरचा-खालचा भाग कमी-जास्त करणाऱ्या सॉफ्टवेअरनं, तो भाग पाच-सहा डेसिबल खाली आणता येतो आणि आणलं की हेडफोन एकदम शहाणा होतो, पण फोनवर, मित्राच्या लॅपटॉपवर, प्रत्येक ठिकाणी ते परत लावत बसायचं. कुशन मात्र याची तिघांत सगळ्यात सुखाची, मखमली, चष्म्याच्या काडीला अजिबात दाबत नाही. केबल पण एक कटकट आहे, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, जड, आणि काढता येत नाही, तुटली की सोल्डरिंग आलं. नवा डीटी ९९० प्रो एक्स म्हणून आलाय त्याची केबल सुटते आणि तो ४८ ओहमचा आहे, पण वरच्या आवाजाचं तेच, आधी ऐकल्याशिवाय घ्यायचा नाही.

हायफायमॅनचा एचई४००एसई हा वेगळ्याच जातीचा. नेहमीच्या हेडफोनात छोटा स्पीकर असतो, यात एक पातळ पडदा लोहचुंबकांसमोर ताणून बसवलेला असतो, त्याला प्लेनर म्हणतात. त्याचा फायदा खाली बेसमध्ये होतो. साध्या ओपन-बॅकचा बेस साधारण ५०-६० हर्ट्झच्या खाली उतरत जातो कारण पुढचा आणि मागचा आवाज जाळीतून भेटून एकमेकांना मारतात, प्लेनर तिथं बराच सरळ राहतो. पखवाजाचा "धा" यावर असा घुमतो की बस. गळा पण छान. निव्वळ गाण्यासाठी तू विचारलं असतंस, आणि घरात हेडफोनला जोर देणारा चांगला अ‍ॅम्प असता, तर मी याचंच नाव घेतलं असतं. पण वजन ३९० ग्रॅम आहे, बाकीचे दोघे २४०-२५० च्या घरात. कानाला १४० ग्रॅम जास्त म्हणजे काय ते दुकानात पाच मिनिटं घालून कळत नाही, रात्री तिसऱ्या मॅचला मान अवघडते तेव्हा कळतं. सोबतची केबल दीड मीटरच आहे, लॅपटॉपला पुरते, पीसी टेबलाखाली असला तर ओढाताण होते.

राहिला एचडी ५६०एस. २०२० ला आला, १२० ओहम, २४० ग्रॅम, मखमली कुशन, केबल सुटते. याच्यात पहिल्या ऐकण्यात "वा" म्हणावं असं काही नाही, आणि म्हणूनच मला तो आवडतो. गळा जागच्या जागी, टाळ टाळासारखे, अजय-अतुलचा ऑर्केस्ट्रा पूर्ण ताकदीनं सुरू झाला की व्हायोलिन एकीकडं, ब्रास दुसरीकडं, ढोल मागं, असं मोकळं मोकळं लावून ठेवल्यासारखं ऐकू येतं, एकमेकांवर चढत नाही. हाच गुण गेममध्ये कामाला येतो. दोष पण सांगते. वरचा आवाज थोडा उजळच आहे, डीटीइतका नाही पण आहे. बेस हलणारा नाही, गेममधल्या स्फोटानं छाती वगैरे काही हादरणार नाही. सगळी बॉडी प्लॅस्टिकची, हातात घेतल्यावर एवढ्या पैशाची वाटत नाही. आणि नवा असताना डोक्याला चिमटा जरा घट्ट असतो, चष्मेवाल्याला कानामागं जाणवतं, तर पहिले काही दिवस रात्री पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेव, सैल होतो, फार ताणू नकोस एवढंच. केबल ३ मीटरची येते आणि पुढं जाडी ६.३ मिलिमीटरची पिन असते, लॅपटॉपसाठीचा अ‍ॅडॉप्टर खोक्यातच मिळतो, तो हरवू नकोस.

बेस कमी पडला तर फुकटचा उपाय आहे. विंडोजवर इक्वलायझर एपीओ नावाचं सॉफ्टवेअर टाक, त्याच्या जोडीला पीस टाकलंस की बटणं दिसतात, त्यात १०० हर्ट्झच्या खालचं ४ डेसिबल वर घे आणि एकूण आवाजाचा मुख्य प्रीअ‍ॅम्प तेवढाच, किंवा थोडा जास्त, खाली कर. हा दुसरा भाग लोक विसरतात आणि मग मोठ्या ठोक्याला आवाज फाटतो आणि दोष हेडफोनला देतात.

आता ओहम. जास्त ओहम म्हणजे जास्त भारी, हे तुझ्या मित्रांना कुणी सांगितलं माहीत नाही पण ते खरं नाही. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, दर्जाचा आणि त्याचा संबंध नाही. आणि हेडफोन किती जोरात वाजणार हे एकट्या ओहमवरून कळतच नाही, सोबत सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिली की किती जोरात वाजतो ते, बघावी लागते. कंपन्यांनी दिलेले आकडे मी एका मापावर आणून सांगते, साध्या लॅपटॉपसारखा १ व्होल्ट दिला असं धरून. एचडी ५६०एस ११० डेसिबल वाजतो. एचई४००एसई, जो कागदावर ३२ ओहमचा म्हणजे एकदम सोपा दिसतो, त्याची सेन्सिटिव्हिटी ९१ च आहे म्हणून तो १०६ च्या आसपास राहतो. आणि डीटी ९९० चा २५० ओहमवाला १०२ ला. बघ, १२० ओहमवाला ३२ ओहमवाल्यापेक्षा जोरात वाजतोय. त्यामुळं डीटी ९९० लॅपटॉपवर वाजणारच नाही असं नाही, नव्या सिनेमातली गाणी ऐकायला पुरेल, पण हळू रेकॉर्ड केलेली मैफल लावलीस की व्हॉल्यूम शंभरावर जाऊन पण कमी वाटेल, आणि मग अ‍ॅम्पचे वेगळे पैसे. तो खर्च किमतीत धरूनच तुलना कर.

एचडी ५६०एसला अ‍ॅम्प लागत नाही. आधी तसाच लावून ऐक. लॅपटॉपच्या जॅकमधून सूं असा आवाज येत असेल किंवा माउस हलवला की किर्र होत असेल तर एक छोटा यूएसबी-सी डाँगल, म्हणजे हेडफोन यूएसबीला जोडायची छोटी वायर, घे, अ‍ॅपलचा साधा डाँगल पण विंडोजवर मस्त चालतो, अँड्रॉइड फोनवर मात्र त्याचा आवाज बऱ्याचदा कमी येतो, म्हणून फोनवर पण वापरायचा असेल तर फिओचा केए११ बघ. आणि चार्जर लावला की घूं असा आवाज येतोय, काढला की जातोय, असं झालं तर हेडफोन चांगला आहे, घरातलं अर्थिंग बघायला पाहिजे. जुन्या चाळीवजा घरांत तीन पिनचं सॉकेट असतंय पण मागं अर्थिंगची तार नसतेच. वायरमनला दाखव, ते फक्त आवाजासाठी नाही, जिवासाठी पण महत्त्वाचं आहे.

७.१ चा, म्हणजे सगळ्या बाजूंनी आवाज येतो असं सांगून विकला जाणारा, हेडसेट घेऊ नकोस. कानाला बाजू दोनच असतात आणि बहुतेक ७.१ हेडसेटमध्ये स्पीकर पण दोनच असतात, बाकी सगळं सॉफ्टवेअर करतं. शत्रू मागं आहे की पुढं, हे गेमच तुझ्यासाठी हिशेब करून दोन चॅनेलमध्ये घालून देतो, त्याला एचआरटीएफ म्हणतात, व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ते आहे, चालू कर. आणि ते चालू केलंस की विंडोज सोनिक, डॉल्बी, हेडसेटचं स्वतःचं ७.१, हे सगळं बंद. दोनदा केलेला हिशेब एकमेकांत घोळतो आणि पावलं सगळीकडूनच आल्यासारखी वाटतात, हे लई जणांचं होतं आणि ते हेडफोन बदलत बसतात. ओपन-बॅकमुळं दिशा जास्त कळते असं लोक म्हणतात ते अर्धंच खरं आहे. दिशा गेम देतो, हेडफोननं फक्त डावा-उजवा सारखा वाजवायचा आणि बारीक आवाज जाड आवाजाखाली झाकू द्यायचा नाही. एचडी ५६०एस हे नीट करतो, रँक वाढवून देईल असं मी म्हणणार नाही. नवीन कानाला आठ-पंधरा दिवस लागतात, पहिल्या दिवशी हरलास म्हणून परत करू नकोस.

ऐकून घ्यायची सोय सोलापुरात अवघड आहे. नवी पेठेत हेडफोन भरपूर आहेत पण हे प्रकार डेमोला उघडून ठेवलेले मिळणं कठीण. पुण्याला जायचं असेल तर आधी फोन करून विचार, तिन्ही डेमोला आहेत का, असतील तरच सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जा आणि संध्याकाळी परत ये. गर्दीच्या दुकानात ओपन-बॅक ऐकण्यात अर्थ नाही, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा जा, आणि तुझी स्वतःची गाणी फोनमध्ये डाउनलोड करून ने, दुकानदार जे लावतो ते त्या हेडफोनवर चांगलंच वाजणार म्हणून लावलेलं असतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुलना करताना आवाजाची पातळी सारखी कर. जोरात वाजतो तो आपल्या कानाला चांगला वाटतो, एक-दोन डेसिबलचा फरक असला तरी फसतो माणूस, आणि आपल्याला तो जोर म्हणून जाणवत पण नाही, "जास्त डिटेल आहे" असं वाटतं. वरचे आकडे परत बघ, फोनचा व्हॉल्यूम न हलवता एचडी ५६०एस काढून डीटी ९९० लावलास तर ८ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे मी सुचवलेला हेडफोन फुकटात जिंकतो. तसं नको. भीमसेनजींच्या गळ्याची एकच ओळ घे, तिन्हींवर ती तेवढ्याच जवळून येईल असा व्हॉल्यूम लाव आणि मग टाळ, पखवाज बघ. त्यानंतरही तुला डीटी आवडला तर बिनधास्त डीटी घे, कान तुझे आहेत, मी तुझ्या कानानं ऐकू शकत नाही.

किमतीचं एवढंच की या तिघांचे भाव सेलप्रमाणे बरेच वर-खाली होतात. ज्या दिवशी घेणार त्या दिवशी दोन-तीन ठिकाणी बघ, आणि ५६०एस तुझ्या उरलेल्या तेरा हजारांत बसत नसेल तर घाई न करता सेलची वाट बघ, मित्राकडून उसने घेऊ नकोस. थांबायचंच नसेल तर सेनहायझरचाच एचडी ५९९ आहे, ५० ओहम, आवाज जरा गुबगुबीत आणि वर मवाळ, गेममध्ये ५६०एसइतका नेमका नाही पण गाण्याला गोड आहे, चष्म्याला पण सुखाचा. फिलिप्सचा एसएचपी९५०० त्याहून स्वस्तात मिळाला तर तो पण वाईट नाही. भारतातल्या वॉरंटीचं बिल मिळतंय का ते बघ, ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याशिवाय आलेला, माल दोन हजार स्वस्त पडतो आणि बिघडला की कुणी दारात उभं करत नाही. सेकंडहँड घेणार असशील तर कुशन नव्यानं घ्यावी लागतील असं धरूनच भाव कर. या कंपन्यांचं एक बरं असतं, सुटे भाग वर्षानुवर्षं मिळतात, सेनहायझरचा एचडी ६०० १९९७ साली आला आणि अजून विकला जातो, कुशन-केबल बदलत लोक तोच वापरतात. तुझा पण नीट ठेवलास तर नोकरी लागल्यावर पण डोक्यावर असेल. घामाचं मखमली कुशन महिन्यातून एकदा काढून ओल्या फडक्यानं पूस, सावलीत वाळव, आणि सूत-धूळ आपल्याकडं जास्त उडते म्हणून वापर झाला की जाळीवर कापड टाकून ठेव, कापसाचा बारीक तूस जाळीतून आत गेला की एका बाजूला खरखर सुरू होते.

शेवटी माइक. हेडसेटच्या नावाखाली माइकला जास्त पैसे देण्यापेक्षा बोयाचा बीवाय-एम१ कॉलर माइक घे, यूट्यूबवाले वापरतात तोच, स्वस्त आहे, वायर ६ मीटर आहे ती गुंडाळून रबर लाव. तुझ्या लॅपटॉपला एकच जॅक असेल तर हेडफोन यूएसबी डाँगलवर टाक आणि जॅक माइकला मोकळा ठेव, माइकवरचं बटण फोनच्या बाजूला कर, आणि विंडोजमध्ये आउटपुट डाँगल आणि इनपुट जॅक असं हातानं निवड, नाहीतर लॅपटॉप आवाज माइकच्या वायरीतच पाठवत बसतो. ओपन-बॅकमधून मित्रांचा आवाज बाहेर येऊन माइकमध्ये परत जाऊ शकतो, म्हणून माइक कपाच्या जवळ नको, शर्टाच्या दुसऱ्या बटणाला लाव आणि गेममध्ये पुश-टू-टॉक ठेव, बटण दाबशील तेव्हाच माइक चालू होतो, म्हणजे एरवी पंखा, आज्जीचं खोकणं, काहीच टीमला जाणार नाही. पहिल्या रात्री मित्रांना विचार, तुमचाच आवाज तुम्हाला परत येतोय का, येत असेल तर आधी हेडफोनचा व्हॉल्यूम कमी कर, मग माइकचा.